धर्माच्या गाईचे दात

आमच्या आजीचा उजवा डोळा शिबिरात गेला. 'गेला' हा शब्द तिचाच. एखादं माणूस वारीला जावं आणि परत येऊ नये, तशा सुरात ती तो उच्चारायची.

१९७८ सालची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. तालुक्याच्या हायस्कुलात मोफत नेत्रशिबिर भरलं होतं. बाकं व्हरांड्यात काढून वर्गांमधून ओळीनं सतरंज्या अंथरल्या होत्या. शहरातून मोठे डॉक्टर आले होते. गावातले व्यापारी दूध, केळी, शिरा पुरवत होते आणि आम्ही पोरं पाण्याच्या बादल्या वाहत होतो. मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून, मान न हलवता उताणी पडून असायची. आठव्या दिवशी पट्ट्या सुटल्या, जाड भिंगांच्या चष्म्यांसाठी नावं लिहून घेतली, हारतुरे झाले, भाषणं झाली आणि डॉक्टरांच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. नवव्या दिवशी आजीच्या डोळ्यात ठणका सुरू झाला. 'थोडं पाणी येईल, घाबरू नका' असं शिबिरात सांगितलेलं होतं, म्हणून घरच्यांनी चार दिवस वाट पाहिली. वडिलांनी तिला एस.टी.त घालून मिरजेला नेलं तोवर वेळ निघून गेली होती.

मला जास्त आठवतं ते त्यानंतरचं. शेजारपाजारच्या बायका चौकशीला येत. त्यांतल्या कुणी शिबिराला नावं ठेवायला लागलं, की आजी तिला मध्येच थांबवायची. 'असं बोलू नये बाई. देवमाणसं ती. आपल्याकडनं एक पैसा घेतला नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारायचं व्हय?'

ही म्हण तिनं इतक्यांदा ऐकवली, की मला ती पाठ झाली. पुढे मी डॉक्टर झाले, भूलतज्ज्ञ झाले, वीस वर्षं जिल्ह्याच्या गावी लोकांना झोपवण्याचा आणि सुखरूप उठवण्याचा धंदा केला. म्हण मागे पडली. ती पुन्हा आठवली ती २०१६ साली, आफ्रिकेत. तोवर माझी जागा बदलली होती. आता मी गाय देणाऱ्यांच्या रांगेत उभी होते.

* * *

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेयेकडचा एक चिंचोळा देश. समुद्र नाही, पण लांबच लांब पसरलेलं एक सरोवर आहे. १९६४ साली स्वतंत्र झाला. माणसं गोड बोलणारी आणि कमालीची गरीब. आपण मुंबईहून आदिस अबाबाला जायचं, तिथे विमान बदलून ब्लँटायर गाठायचं आणि मग गाडीनं डोंगराळ भागात चढत जायचं. दोन्ही बाजूंना चहाचे मळे. मी गेले तो जुलै महिना होता. तो तिथला थंडीचा. 'चिपेरोनी' नावाचं एक धुक्यासारखं भुरभुरतं पावसाळी वारं त्या दिवसांत सुटतं. पहिल्याच सकाळी ते अंगावर आलं आणि मला आमच्या महाबळेश्वराची आठवण झाली.

मी का गेले? सेवाभाव वगैरे होता, नाही असं नाही. पण मुलगी शिकायला बाहेर पडली होती, घर सुनं झालं होतं, वर्गातल्या एका मैत्रिणीनं इंग्लंडहून कळवलं होतं की एका संस्थेला भूलतज्ज्ञ हवा आहे. तिकिटाचे पैसे आपले आपण भरायचे. शिवाय थोडी हौसही होती. ती नव्हती असं म्हटलं तर खोटं होईल.

पाच देशांतली आम्ही अठरा माणसं. काम होतं दुभंगलेले ओठ आणि फाटलेल्या टाळू शिवण्याचं. आईच्या पोटात असताना बाळाच्या ओठाचे किंवा टाळूचे दोन भाग नीट जुळून येत नाहीत आणि मूल जन्मतं ते मध्ये फट घेऊनच. त्याला धड दूध ओढता येत नाही. वाढतं तसं बोलणं गेंगाणं होतं, पोरं चिडवतात. आपल्याकडे अशा मुलाला 'ग्रहण लागलं' म्हणतात. ग्रहणात आईनं काही चिरलं असेल, असा ठपका ठेवून मोकळे होतात. तिथे कारणं निराळी सांगत, पण बोट आईकडेच.

रुग्णालय सरकारी, जिल्ह्याचं. पहाटेपासून आवारात दोनशेवर माणसं जमलेली. रेडिओवर घोषणा झाली होती. कुणी मिनीबसनं, कुणी भाड्याच्या सायकलीच्या मागे बसून, कुणी चालत आलेलं. बायकांच्या पाठीला रंगीत 'चितेंजे'त बांधलेली पोरं. चितेंजे म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड. त्याचीच झोळी होते, त्याचंच पांघरूण होतं. प्रत्येक रोग्याबरोबर घरचं एक माणूस मुक्कामाला. ते बाहेर चुलीवर मक्याच्या पिठाचा 'न्सिमा' रांधणार. न्सिमा म्हणजे आपली घट्ट उकडच म्हणा ना. हातानं गोळा करून सुकटीच्या कालवणाबरोबर खायची.

पहिला दिवस निवडीचा. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी दहाचा एक जुना नियम आहे. मूल निदान दहा आठवड्यांचं हवं, दहा पौंडांचं म्हणजे साडेचार किलोंचं हवं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन दहा हवं. मलेरियाच्या मुलखात हा तिसरा दहा गाठणं कठीण. यादीतून नावं खोडायचं काम भूलतज्ज्ञाचं. त्या दिवशी मी किती आयांना दुभाष्यामार्फत 'आता नाही, पुढच्या वेळी' असं सांगितलं! त्यांतली एकही भांडली नाही. दोन्ही हात जोडल्यासारखे करून, गुडघ्यात किंचित वाकून म्हणायच्या, 'झिकोमो'. झिकोमो म्हणजे आभारी आहे. पुढची वेळ कधी, ते आम्हालाही माहीत नव्हतं.

* * *

आता त्या रुग्णालयातल्या एका माणसाबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही. आपण त्याला नुसतं 'ऑफिसर' म्हणू. मलावीत भूल देणारे एम.डी. डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. जिल्ह्याजिल्ह्यांत हे काम 'क्लिनिकल ऑफिसर' करतात. ते डॉक्टर नव्हेत, पण त्यासाठी रीतसर शिकलेले असतात. आमचा हा ऑफिसर चाळिशीचा, सडपातळ, हळू बोलणारा. मला 'अमायी' म्हणायचा. तिकडे बाईला आदरानं असंच म्हणतात. मला मात्र प्रत्येक वेळी 'आई' असंच ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना मी त्याला सहज विचारलं, 'तुमच्या नेहमीच्या शस्त्रक्रिया कुठे चालल्यात?' तो हसला. 'पुढच्या आठवड्यात, अमायी.' दोन थिएटरांपैकी मोठं आम्ही अडवलं होतं. छोट्यात फक्त अडलेल्या बाळंतिणींची सिझेरियन चालली होती. हर्निया, गाठी, जुनी हाडं, सगळी नावं आमच्यासाठी पुढे ढकलली होती. परिचारिका त्यांच्या, ऑक्सिजन त्यांचा. दिवसभर आमच्या हाताखाली उभा राहून रात्री सिझेरियनसाठी भूल देणारा माणूसही त्यांचाच. आम्ही देणारे म्हणून आलो होतो. घेत किती होतो, ते आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

सहा दिवसांत आम्ही चौऱ्याण्णव शस्त्रक्रिया केल्या. त्यांतली एक इथे सांगायची आहे.

आमचा नियम होता, टाळूच्या शस्त्रक्रिया सुरुवातीच्या तीन दिवसांत उरकायच्या आणि शेवटी फक्त ओठ घ्यायचे. कारण टाळू शिवल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तस्राव होऊ शकतो आणि लहान मुलाच्या घशात रक्त साचलं तर श्वास कोंडतो. तशा वेळी आम्ही तिथे असायला हवं. साधा, शहाणा नियम. तीन वर्षांची एक मुलगी दुसऱ्या दिवसाच्या यादीत होती. तिला ताप आला म्हणून नाव मागे पडलं. ताप उतरला तो सहाव्या दिवशी. आई आवारातच मुक्काम ठोकून होती. दुपारी सर्जन म्हणाले, 'आता परत पाठवायचं? ही पुन्हा कधी येणार?' चांगला माणूस, कळवळ्याचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑफिसर कोपऱ्यात नळ्या धूत होता. तो हळूच म्हणाला, 'उद्या सकाळी तुम्ही निघणार ना, अमायी?'

हा प्रश्न नव्हता, हे मला आज कळतं. तिकडचा माणूस पाहुण्याला 'नको' म्हणत नाही. मी म्हटलं, 'मूल ठीक आहे. घेऊ या.'

शस्त्रक्रिया उत्तम झाली. संध्याकाळी सात वाजता मी तिला उठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघण्यापूर्वी बॅटरी घेऊन तिची टाळू पाहिली. कोरडी होती. परिचारिकांनी गाणं म्हटलं, फोटो निघाले. आम्ही आमच्या पेट्या भरल्या. मॉनिटर, सक्शनचं यंत्र, लहान मुलांच्या श्वासनलिकेत घालायच्या बारीक नळ्या, सगळं मोजून परत घेतलं. सामान पुढच्या देशात जायचं होतं.

* * *

सहा आठवड्यांनी संस्थेच्या अहवालासाठी फोटो हवे होते म्हणून मी ऑफिसरला निरोप धाडला. उत्तर आलं, 'फोटो पाठवतो, अमायी. टाळूवाली शेवटची मुलगी बरी आहे. ती रात्र मोठी होती.'

मी फोन लावला. आम्ही निघालो त्याच रात्री नऊच्या सुमाराला मुलीला रक्ताची उलटी झाली होती. वीज गेलेली. जनरेटरला डिझेल बेताचं. मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात, पायानं दाबायच्या सक्शन पंपावर एका परिचारिकेला उभं करून, केटामाइन देऊन, धुऊन ठेवलेल्या एका जुन्या नळीवर त्यानं त्या मुलीचा श्वास राखला. त्याच्या सहकाऱ्यानं बोळा दाबून धरला, मग टाका घातला. थिएटरमधल्या शिपायानं रक्त दिलं. मूल वाचलं.

मी भूल देण्यात वीस वर्षं घालवली आहेत. रक्तानं भरलेलं पोट आणि रक्तानं भरलेला घसा असलेलं तीन वर्षांचं मूल, हे आमच्या धंद्यातलं वाईट स्वप्न आहे. झगझगीत थिएटरात, हाताशी चार माणसं असताना माझे हात थरथरतात. मी त्याला म्हटलं, 'तू मला तेव्हाच का नाही कळवलंस?' तो म्हणाला, 'तुम्ही विमानात होता.' मग थोडं थांबून म्हणाला, 'तुमच्या चौऱ्याण्णवांत ती धरली आहे ना? माझी रात्र कुठे धरायची?'

छापील अहवाल आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, 'चौऱ्याण्णव शस्त्रक्रिया, गंभीर गुंतागुंत शून्य.' मी संस्थेला पत्र लिहिलं. त्यांचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. ही घटना शिबिराचा कालावधी संपल्यानंतरची असल्यामुळे आकडेवारीत धरता येत नाही. त्यांचं काही खोटं नव्हतं. आजीच्या शिबिराच्या अहवालातही तिचा डोळा बरा झालेल्यांतच असणार. आठव्या दिवशी तो बराच होता की!

* * *

मग अशा फेऱ्या काढूच नयेत का? असं म्हणणं सोपं आहे, आणि चुकीचं. बाकीच्या त्र्याण्णवांत अकरा वर्षांचा एक मुलगा होता. शस्त्रक्रियेनंतर त्यानं हातात दिलेला आरसा पालथा करून मागची बाजूही पाहिली. पलीकडे दुसराच कुणी मुलगा आहे, असं त्याला वाटलं असावं. मी ते विसरणार नाही. आणि गरज तर अफाट आहे. २०१५ साली 'लॅन्सेट'नं नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगानं हिशेब मांडला होता. जगातल्या पाचशे कोटी माणसांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. ही तूट भरायची तर दरवर्षी चौदा कोटी तीस लाख शस्त्रक्रिया जास्तीच्या व्हायला हव्यात. पण हा आकडा नीट वाचला तर त्यातच उत्तर आहे. पाहुण्यांनी आठ-आठ दिवस येऊन एवढं कधी होईल? तिथल्याच माणसांनी, तिथेच, वर्षाचे बारा महिने ते करायला हवं. पाहुणा फार तर त्यांचा हात बळकट करू शकतो.

आपल्याकडच्या लोकांना हे नवं नाही. चीनवर जपानचं आक्रमण झालं तेव्हा काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे चौघं परतले. कोटणीस राहिले, चिनी भाषा शिकले, तिथल्या तरुणांना शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. चीन त्यांना अजून विसरलेला नाही. आजीला ज्या मिरजेला नेलं, त्या मिरजेचं वैद्यकीतलं नावसुद्धा एका पाहुण्यानंच उभं केलेलं. डॉ. विल्यम वॉन्लेस मूळ कॅनडाचे. १८९४ साली त्यांनी तिथे रुग्णालय काढलं, इथल्या तरुणांना शिकवलं आणि १९२८ पर्यंत ते इथेच राहिले. मूळचे पंढरपूरचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांची तऱ्हा आणखी निराळी. ते राहिले नाहीत, पण वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येत राहिले. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवरून, पुढे घशाच्या कॅन्सरनं आवाज गेल्यावरही. जो पुन्हा येतो त्याला आपणच घातलेले टाके पाहावे लागतात.

सगळ्यांना कोटणीस होता येत नाही. मलाही नाही. घर आहे, रुग्ण आहेत, गुडघे दुखतात. पण राहता येत नसेल तर मागे काय ठेवून जायचं, याचा विचार तर करता येतो. नेपाळात मोतीबिंदूच्या कामाला ऑस्ट्रेलियाचे फ्रेड हॉलोज यांनी हातभार लावला, तो तिथल्याच डॉ. सांडुक रुईत यांच्या हाताला. १९९४ साली काठमांडूत तिलगंगाचं नेत्रकेंद्र उभं राहिलं आणि डोळ्यात बसवायची भिंगंही तिथेच स्वस्तात बनू लागली. 'स्माइल ट्रेन' ही संस्था १९९९ साली निघाली. तिनं पथकं न्यायची सोडून त्या त्या देशातल्या डॉक्टरांनाच पैसे आणि शिक्षण द्यायचं ठरवलं. अतुल गवांदे यांचे वडील मूळचे विदर्भातल्या उटी गावचे. त्या अतुल गवांदे यांनी पुढाकार घेऊन २०११ साली 'लाइफबॉक्स' सुरू केली. तिचं काम वरवर अगदी किरकोळ. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र गरीब देशांतल्या थिएटरांत पोहोचवायचं आणि ते वापरायला शिकवायचं. त्या सुमाराला जगातल्या सत्याहत्तर हजार थिएटरांत ते यंत्र नव्हतं, असा अंदाज होता. असं यंत्र मागे राहतं. नवव्या दिवशीही ते बोटाला लावता येतं.

आणि आपण स्वतः? १९८६ साली उत्तर प्रदेशात खुर्जा इथे धर्मादाय नेत्रशिबिरात चौऱ्याऐंशी जणांनी शस्त्रक्रिया झालेला डोळा कायमचा गमावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८९ साली निकाल लागला. हळूहळू आपल्याकडची रीत बदलली. तपासणी गावात, पण शस्त्रक्रिया कायम चालणाऱ्या रुग्णालयात. शाळेच्या वर्गात कुणाचा डोळा उघडायचा नाही. हा शहाणपणा आपण किती डोळे देऊन विकत घेतला, ते आठवलं की मला वाटतं, परदेशात जाताना तो आपल्या बॅगेत असायला हवा होता. माझ्या बॅगेत नव्हता.

* * *

२०१८ साली मी पुन्हा गेले. या वेळी पथक नव्हतं. सहा आठवडे, एकटी, त्याच रुग्णालयात, ऑफिसरच्या जोडीला. जाताना बारीक नळ्या, दोन चिमट्याची यंत्रं आणि लहान मुलाच्या आकाराचा एक रबरी पुतळा घेऊन गेले. लहान मुलांचा श्वास सांभाळायच्या चार युक्त्या मी त्याला दाखवल्या. वीज गेल्यावर काय करायचं, हे त्यानं मला दाखवलं. सच्चेपणानं सांगायचं तर हिशेबात मीच जास्त घेऊन आले. सहा आठवड्यांत आम्ही टाळूच्या शस्त्रक्रिया किती केल्या विचाराल तर अकरा. अहवालात छापण्याजोगा आकडा नव्हे.

त्या मुलीला मी निरोप पाठवून बोलावून घेतलं. पाच वर्षांची झाली होती. तोंड उघडून दाखवायला तयार नव्हती. बिस्किटाच्या लालचीनं उघडलं. टाळूच्या मध्यावर मसुराएवढं भोक राहिलं होतं. असं होतं कधीकधी. पाणी पिताना नाकातून येत असणार. मी आईला विचारलं, 'काही त्रास?' ऑफिसरनं भाषांतर केलं. ती म्हणाली, 'नाही. झिकोमो.' मी पुन्हा विचारलं. पुन्हा झिकोमो. समोर आमची आजीच बसलेली मला दिसली. मी ऑफिसरला म्हटलं, 'तिला सांग, मी आभार घ्यायला आले नाही. काय चुकलं ते ऐकायला आलेय. सांगितलं तर कुणी रागावणार नाही, आणि पुढची शस्त्रक्रियाही थांबणार नाही.'

ती बराच वेळ गप्प होती. मग बोलायला लागली आणि अर्धा तास थांबली नाही. आवारात सात दिवस राहायला घरातल्या कोंबड्या विकाव्या लागल्या होत्या. त्या दिवसांत मक्याची मळणी दिराच्या हाती गेली आणि वाटा कमी मिळाला. रक्त आलं तर काय करायचं, कुणाला हाक मारायची, हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती झोपलेल्या परिचारिकेला उठवायला घाबरली, आणि त्यात वेळ गेला. भोकातून न्सिमा नाकात जातो, म्हणून मुलगी परक्यांसमोर जेवत नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, 'हे मी बोलले ते बरं नाही का झालं?'

त्या संध्याकाळी मला उमगलं, की मी एका माणसाला हा प्रश्न अजून विचारलेलाच नाही. मी ऑफिसरला विचारलं, 'त्या रात्रीचं आणखी काही आहे का?'

तो उठला आणि थिएटरचं रजिस्टर घेऊन आला. जाड पुठ्ठ्याचं, रेघा मारलेलं. त्यानं दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. एकाखाली एक दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत ती मुलगी. वेळ रात्री सव्वानऊ. खालच्या ओळीत एक बाळंतीण, सिझेरियन. बोलावणं आल्याची वेळ रात्री साडेनऊ, भूल दिल्याची वेळ साडेअकरा. रुग्णालयात भूल देणारा एकच माणूस, आणि तो मोठ्या थिएटरात एका मुलीच्या श्वासाला धरून उभा. त्या ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, आई ठीक. बाळाच्या रकान्यात एक बारीकशी फुली.

'ते बाळ तसंही वाचलं नसतं कदाचित,' तो म्हणाला. 'मला माहीत नाही, अमायी. खरंच माहीत नाही.' दोन वर्षं हा माणूस माझ्याशी फोनवर बोलत होता, नळ्यांबद्दल, औषधांबद्दल, माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल. हे त्यानं सांगितलं नाही. मी पाहुणी होते. पाहुण्याला कसं सांगायचं?

ते पान मी हातानं उतरवून घेतलं. माझ्याकडे आहे. त्या मुलीचं भोक पुढे आमच्या त्या सहा आठवड्यांतच शिवलं. कागदावर तेवढं मिटलं. खालची ओळ मिटण्याजोगी नाही.

* * *

अलीकडे आमच्या भागातले तरुण डॉक्टर विचारायला येतात. 'मॅडम, आम्हालाही आफ्रिकेत जायचंय, काय तयारी करू?' मी त्यांना नाउमेद करत नाही. जा, म्हणते. पण जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. तुम्ही निघाल्यावर रात्री कोण जागं असणार आहे? तुमच्यामुळे कुणाचं काम थांबणार आहे? आणि नवव्या दिवशी, तिसाव्या दिवशी, सहाव्या महिन्यात रोग्याला विचारणारं कोण आहे? यांची उत्तरं नसतील तर तिकिटाच्या पैशांत तिथल्या एखाद्या मुलाचं भुलीचं शिक्षण पुरं होतंय का, ते पाहा.

माझ्या टेबलावर एक वही आहे. तिच्यात नावं आणि तारखा. ठरल्या दिवशी मी ऑफिसरला फोन करते, तो घरच्यांना करतो. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळानं दक्षिण मलावी झोडपून काढलं, तेव्हा कित्येक दिवस फोन लागतच नव्हता. मी लावत राहिले. दाता म्हणून नव्हे. मी भूल दिलेल्या माणसाला जाग आली का, हे पाहणं हेच तर माझं काम आहे, आणि ते थिएटरच्या दारात संपत नाही.

आजी १९९१ साली गेली. तोवर तेरा वर्षं ती एका डोळ्यानं पोथी वाचत होती. त्या शिबिरातल्या डॉक्टरांना तिचा डोळा गेल्याचं कधी कळलंच नाही. कळलं असतं तर पुढच्या गावी त्यांनी काही निराळं केलं असतं, अशी माझी खात्री आहे. कारण ती खरोखरच देवमाणसं होती. ती आपण होऊन त्यांना काही सांगणार नव्हती. विचारायचं होतं ते त्यांनी. एक पोस्टकार्ड पुरलं असतं.